मराठी प्रवासलेखनातील बौद्ध आशिया : विहारदर्शन आणि अन्नव्यवहार

प्रस्तावना

मराठीत प्रवासवर्णने विपुल लिहिली गेली, आवडीने वाचलीही गेली. परंतु त्यांच्या समीक्षेला प्रतिष्ठा उशिरा मिळाली. डॉ. वसंत सावंत यांच्या 'प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार' या ग्रंथाने या लेखनाचा स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून विचार केला. त्यानंतर विद्यापीठीय पातळीवर या विषयावर अनेक प्रबंध सिद्ध झाले. त्यांतून स्थलवर्णन, निसर्गचित्रण, व्यक्तिदर्शन, विनोद आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व या घटकांची चर्चा झाली. तथापि प्रवासातील अन्न हा घटक मात्र या चर्चेत 'मनोरंजक तपशील' एवढ्याच दर्जाचा राहिला.

मराठी समीक्षेने अन्नाकडे नेहमीच असे पाहिलेले नाही. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनांच्या संदर्भात समीक्षेने भाकरी, उष्टे, उपास यांचा अर्थ गांभीर्याने लावला. तेथे अन्न हा जातिव्यवस्थेचा आणि भुकेचा दस्तऐवज मानला गेला. तीच समीक्षा प्रवासवर्णनाकडे वळली की अन्नाचा विचार चवीपाशी थांबतो. गावात कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे हा सामाजिक प्रश्न, आणि परदेशात कोणी काय खाल्ले ही गंमत, अशी ही विभागणी आहे. ती कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आशियातील बौद्ध स्थळांविषयीचे मराठी लेखन निवडले आहे. कारण बौद्ध विहाराच्या बाबतीत स्थळ आणि भोजन यांची फारकत करता येत नाही. धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' (१९२४) हा या विवेचनाचा मध्यवर्ती ग्रंथ आहे.

१. दोन शैलींची फारकत

आशियातील बौद्ध मंदिरांना भेट देणाऱ्या मराठी प्रवाशाच्या लेखनात साधारणपणे दोन आवाज आढळतात. स्तूप, पॅगोडा, बुद्धमूर्ती यांच्यासमोर तो गंभीर होतो. इतिहास सांगतो, भारताचे सांस्कृतिक ऋण आठवतो, मूर्तीच्या मुखावरील शांतीचे वर्णन करतो. संध्याकाळी भोजनगृहात बसला की त्याचा आवाज बदलतो. मासळीचा वास, काड्यांनी खाण्याची फजिती, 'शाकाहारी' शब्दाचा अर्थ न समजणारा वाढपी आणि शेवटी घरच्या वरणभाताची आठवण, हा मजकूर हलक्याफुलक्या शैलीत येतो. सकाळ संस्कृतीची आणि संध्याकाळ विनोदाची, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीमागे एक गृहीत आहे. मंदिर हे जुने, पवित्र आणि म्हणून अर्थपूर्ण. अन्न हे रोजचे, शारीरिक आणि म्हणून अर्थशून्य, असे ते गृहीत होय. सहलीच्या व्यवसायाने या गृहीताला व्यवस्थेचे रूप दिले. मराठी पर्यटकांच्या समूहसहलींत परदेशातही भारतीय जेवणाची हमी दिली जाते. वयोवृद्ध किंवा पथ्याच्या प्रवाशाला ती सोयीची असते, हे मान्य करावे लागेल. परंतु लेखनाच्या दृष्टीने तिचा एक परिणाम होतो. प्रवासी देश पाहतो, पण त्या देशातील कोणाच्याही हातचे अन्न घेत नाही. त्यामुळे त्याच्या लेखनात माणसे दूरवरून दिसतात. अशा वर्णनाचे मूल्यमापन करताना 'काय खाल्ले' या प्रश्नापेक्षा तीन वेगळे प्रश्न उपयोगी पडतात. अन्न कोणी दिले? ते कोणाबरोबर बसून खाल्ले? आणि त्या देण्याघेण्याने प्रवाशावर कोणते बंधन आले? पुढील विवेचन या तीन प्रश्नांच्या आधारे केले आहे.

२. वास्तूची साक्ष

बौद्ध वास्तूचा अन्नाशी असलेला संबंध शोधण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. लेणे कोरवून तो थांबला नाही. त्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या भोजनासाठी त्याने ४००० कार्षापणांना एक शेत विकत घेऊन दिले. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व किरकोळ खर्च भागवण्याची तरतूद केली. हे दान 'चातुर्दिश' संघासाठी, म्हणजे चारही दिशांनी येणाऱ्या भिक्षूंसाठी होते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, विहार हा मुळात प्रवाशांसाठी होता आणि त्याच्या पायाशी धान्याचे शेत होते. दगडात कोरलेल्या खोल्या आपण आज पाहतो. ते शेत दिसत नाही, म्हणून त्याचा विसर पडतो.

दुसरा दाखला वेरूळचा आहे. तेथील बौद्ध लेण्यांपैकी ५ क्रमांकाच्या लेण्यात लांबलचक मंडपाच्या मध्यभागी दोन समांतर ठेंगणे दगडी कट्टे आहेत. कान्हेरीच्या ११ क्रमांकाच्या, 'दरबार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यातही अशीच रचना आढळते. भिक्षूंनी रांगेने बसून भोजन करण्यासाठी किंवा पठणासाठी हे कट्टे असावेत, असे मानले जाते. वेरूळच्या या लेण्याचे लोकांमध्ये रूढ झालेले नाव 'महारवाडा' असे आहे. ज्या मंडपात संघाची एकत्र पंगत बसत असावी, त्याच मंडपाला पुढील काळाने गावाबाहेरच्या वस्तीचे नाव दिले. जातीने पंक्ती कशा मोडल्या आणि कोठे हलवल्या, याचा एवढा मोठा इतिहास एका नावात क्वचितच साठलेला असेल. वेरूळवरील पर्यटनपर लेखनात हे नाव बहुधा केवळ ओळखीची खूण म्हणून येते. त्यावर थांबणारा प्रवासवर्णनकार विरळा.

३. भोजनाचे नियम लिहिणारे प्रवासी

बौद्ध स्थळांना भेट देणारे प्राचीन प्रवासी अन्नाकडे कसे पाहत, हे येथे लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. फाहियान आणि ह्युएनत्संग यांची नावे आपल्याकडे परिचित आहेत. तुलनेने कमी वाचला जाणारा इत्सिंग हा चिनी भिक्षू इ. स. ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला, सुमात्रातील श्रीविजय येथे राहिला आणि पुढे नालंदा येथे सुमारे १० वर्षे त्याने अध्ययन केले. इ. स. ६९२ मध्ये त्याने श्रीविजयहून मायदेशी पाठवलेल्या वृत्तान्तात भोजनाला मोठे स्थान आहे. भारतातील भिक्षू जेवणापूर्वी हातपाय धुतात, लहान ठेंगण्या आसनांवर पाय जमिनीला टेकवून स्वतंत्र बसतात, उष्ट्याचा व शुद्ध अन्नाचा भेद पाळतात, जेवणानंतर मुखशुद्धी करतात, हे तो बारकाईने नोंदवतो. चीनमधील विहारांत कोणत्या प्रथा चुकीच्या रूढ झाल्या आहेत, हे दाखवणे हा त्याचा उद्देश होता. त्याच्या दृष्टीने भिक्षू कसा जेवतो हाच धर्म कसा जगतो याचा पुरावा होता.

जपानमधील दोगेन या आचार्याचे उदाहरणही याच जातीचे आहे. इ. स. १२२३ मध्ये तो धर्माच्या शोधात चीनला गेला. बंदरातील जहाजावर त्याला एका विहाराचा वृद्ध स्वयंपाकी भिक्षू भेटला. तो अळिंबी खरेदी करण्यासाठी आला होता. या वयात ध्यान-अध्ययन सोडून स्वयंपाकाचे काम का करता, असा दोगेनचा प्रश्न होता. साधना म्हणजे काय हे या तरुणाला अद्याप उमगलेले नाही, असा त्या वृद्धाच्या उत्तराचा आशय होता. पुढे इ. स. १२३७ मध्ये दोगेनने विहाराच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज जपानमधील मंदिरांत यात्रेकरूंना जे शोजिन र्‍योरी नावाचे शाकाहारी भोजन मिळते, त्यामागे हा विचार उभा आहे. ते भोजन 'बेचव' किंवा 'नाजूक' एवढ्याच शेऱ्यावर सोडणारा प्रवासी मंदिराचा अर्धा भाग न पाहता परततो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

४. 'निवेदन' : पात्र हाती घेतलेला प्रवासी

धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) यांचे 'निवेदन' मराठी समीक्षेत आत्मचरित्र म्हणून ओळखले जाते. ते योग्यच आहे. तथापि हे पुस्तक बौद्ध आशियाचे मराठीतील एक श्रेष्ठ प्रवासवर्णनही आहे, असे प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे. गोव्यातील साखवळ गावातून ज्ञानाच्या ओढीने बाहेर पडलेला हा गृहस्थ पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, कोलकाता, सिंहलद्वीप, मद्रास, ब्रह्मदेश असा फिरला. त्याच्याजवळ पैसा नव्हता. त्यामुळे त्याच्या प्रवासात भोजन हा रोज नव्याने सोडवावयाचा प्रश्न होता.

या प्रवासात अन्न देणाऱ्या संस्था बदलत जातात आणि त्यांबरोबर प्रवाशाचे जगही बदलते. काशीमध्ये संस्कृत शिकताना त्याचा आधार अन्नछत्राचा होता. अन्नछत्र हे दानाचेच रूप. परंतु तेथील पंगत जात विचारून बसते. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्येही हे जग दिसते. इ. स. १८५७ मध्ये वरसईहून निघालेला हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात जातो. त्याला मिळणाऱ्या अन्नाचा आणि दक्षिणेचा आधार त्याचे ब्राह्मण्य असते. कोसंबींच्या प्रवासाची सुरुवात याच व्यवस्थेत होते. सिंहलद्वीपातील विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते श्रामणेर होतात, तेव्हा ती व्यवस्था मागे पडते. श्रामणेराच्या दशशीलांपैकी सहावे शील विकालभोजनापासून विरत राहण्याचे आहे. मध्यान्हीनंतर अन्न नाही. आणि जे मिळेल ते, देणारा देईल तेवढे. निवड करण्याचा हक्क येथे संपतो. देणाऱ्याची जात विचारण्याचाही हक्क संपतो.

'पाहुणा' आणि 'भिक्षू' यांतील हा फरक प्रवासवर्णनाच्या दृष्टीने मूलभूत आहे. पाहुण्याला आवडनिवड असते. त्याच्या आवडीनिवडीतूनच प्रवासवर्णनातील विनोद जन्म घेतो. भिक्षूला फक्त पात्र असते. म्हणूनच 'निवेदना'त परक्या अन्नाचा उपहास जवळजवळ नाही. शरीराला सोसले किंवा सोसले नाही, एवढ्यापुरती त्याची नोंद होते. कोसंबींची भाषा कोरडी, हिशेबी आणि लहान वाक्यांची आहे. स्थळांच्या सौंदर्याला ते फार जागा देत नाहीत. त्याऐवजी कोणत्या विहारात कोणी आश्रय दिला, कोणी शिकवले, कोणी अडवले, हे ते सांगतात. स्थलवर्णनाच्या अभावी या पुस्तकाला प्रवासवर्णन मानण्यास जे संकोच करतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की येथे स्थळांची जागा यजमानांनी घेतली आहे.

कोसंबींच्या पुढील लेखनात या अनुभवाचा परिणाम दिसतो. 'भगवान बुद्ध' (१९४०–४१) या ग्रंथात त्यांनी मांसाहाराच्या प्रश्नाला स्वतंत्र प्रकरण दिले. चुंद लोहाराने बुद्धाला वाढलेल्या शेवटच्या जेवणातील 'सूकरमद्दव' या पदार्थाची त्यांनी चर्चा केली आणि प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयी स्पष्ट मते मांडली. त्यावर जैन समाजातून तीव्र आक्षेप घेतले गेले. भिक्षूसाठी प्राणी मारल्याचे त्याने पाहिले, ऐकले किंवा त्याला तसा संशय आला, तर ते मांस वर्ज्य. एरवी दात्याने दिलेले स्वीकारावे, असा विनयाचा दंडक आहे. या दंडकाच्या केंद्रस्थानी पदार्थ नसून दाता व भिक्षू यांचे नाते आहे. हा मुद्दा कोसंबी एवढ्या निर्भयपणे मांडू शकले, याचे एक कारण असे की, ते पालि ग्रंथांच्या जोडीने विहारांतील रोजच्या भोजनानेही शिकले होते.

५. 'पूर्वरंग' आणि नंतरचे प्रवासी

पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' (१९६३) हे आशियाविषयीचे सर्वाधिक वाचले गेलेले मराठी प्रवासवर्णन मानता येईल. आग्नेय आशिया आणि जपान येथील नृत्य, वाद्य, रंगभूमी यांकडे पु. ल. रसिकाच्या मोकळ्या मनाने पाहतात. ज्या काळात मराठी प्रवासी बहुधा युरोपकडे पाहत होता, त्या काळात पूर्वेकडे वळलेली ही दृष्टी महत्त्वाची आहे. 'माझे खाद्यजीवन' लिहिणाऱ्या या लेखकाला अन्नाचे सांस्कृतिक मोल चांगलेच ठाऊक होते. त्यांचा विनोद स्वतःच्या जिभेवर, स्वतःच्या मध्यमवर्गीय सवयींवर उलटतो; म्हणून तो यजमानाला बोचत नाही.

असे असले तरी पु. लं.च्या अनुकरणातून जी परंपरा निर्माण झाली, तिने विनोद उचलला आणि आत्मोपहास वगळला. परिणामी परक्या देशातील अन्न हे हमखास हशा मिळवण्याचे साधन झाले. मासिकांतील आणि दिवाळी अंकांतील अनेक प्रवासलेखांत हा साचा दिसतो. या साच्यात सामान्य वाचक 'आपला' म्हणून गृहीत धरला जातो. आणि हा 'आपला' वाचक वरणभात, साजूक तूप, लोणचे यांच्या आठवणीने व्याकूळ होणारा असतो. मराठी वाचकांतील किती मोठा वर्ग या 'आपल्या'त बसत नाही, याचा विचार लेखकही करत नाही आणि समीक्षकही करत नाही.

मीना प्रभु यांच्या 'चिनी माती' व 'वाट तिबेटची' या लेखनाने या साच्यात बदल घडवला. एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीला जेवणाची वेळ, जागा आणि सोबत यांचा विचार सुरक्षिततेच्या अंगानेही करावा लागतो. अनोळखी घराने दिलेला घास तिच्यासाठी विश्वासाचा प्रश्न असतो. या लेखनात अन्नाला पुन्हा देणारा चेहरा मिळतो. तपशिलांची विपुलता कधी कधी चिंतनाला मागे सारते, हा आक्षेप घेता येईल. परंतु प्रवासी आणि यजमान यांच्यातील अवलंबित्व या लेखनाने मराठी वाचकासमोर पुन्हा आणले, हे मान्य केले पाहिजे.

६. १९५६ नंतरचा प्रवासी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मे १९५० मध्ये श्रीलंकेतील कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेला, डिसेंबर १९५४ मध्ये रंगून येथील परिषदेला आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील परिषदेला उपस्थिती लावली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेने महाराष्ट्रातील लक्षावधी लोकांचे आशियाशी असलेले नाते बदलले. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी ही त्यांच्यासाठी 'प्रेक्षणीय स्थळे' राहिली नाहीत. श्रीलंका, थायलंड, म्यानमार येथे जाणारा मराठी बौद्ध प्रवासी तेथील विहारात परका म्हणून प्रवेश करत नाही. धर्मबंधू म्हणून करतो.

या प्रवाशाने अन्नाविषयी काय लिहिले, हा प्रश्न मराठी समीक्षेने विचारावयास हवा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७) पाण्यासाठी होता; एकत्र खाणेपिणे हा या समाजाच्या मुक्तिलढ्याचा आरंभबिंदू होता. अशा समाजातील माणूस जेव्हा श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला रस्त्यावर उभारलेल्या 'दन्सल' मंडपात जातो, जेथे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला जात-धर्म न विचारता मोफत जेवू घातले जाते, तेव्हा त्याच्या हातातील भात हा केवळ भात नसतो. भीमजयंतीला आपल्याकडे होणाऱ्या अन्नदानाशी तो त्याची सांगड घालतो. ही वर्णने स्मरणिका, छोट्या पुस्तिका, संघटनांची मासिके यांत विखुरलेली आहेत. नामांकित प्रकाशनाची मोहोर नसल्याने ती प्रवासवर्णनाच्या इतिहासात येत नाहीत. त्यांचे संकलन झाल्याशिवाय बौद्ध आशियाविषयीच्या मराठी लेखनाचा इतिहास अपुराच राहील.

७. आदर्शीकरणाचा धोका

वरील विवेचनातून बौद्ध आशिया म्हणजे समतेची अखंड पंगत, असा समज होऊ नये. श्रीलंकेतील सयाम निकाय ही भिक्षुपरंपरा अठराव्या शतकात सयाममधून उपसंपदा आणून स्थापन झाली. परंतु लवकरच तिचे द्वार गोविगम या वरिष्ठ जातीपुरते मर्यादित करण्यात आले. ज्यांना हे द्वार बंद झाले, त्यांतील काही जण ब्रह्मदेशातील अमरपुर येथे उपसंपदा घेऊन परतले आणि १८०३ च्या सुमारास अमरपुर निकाय उभा राहिला. म्हणजे बुद्धाच्या देशातही समुद्र ओलांडल्याशिवाय काहींना पात्र मिळाले नाही. कोसंबी ज्या सुमंगलाचार्यांकडे शिकले, ते सयाम निकायाचे होते. कोसंबी स्वतः गोव्यातील गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील होते आणि पुरुष होते. विहारांची जी दारे त्यांना उघडली, ती त्या काळात दलित तरुणाला किंवा स्त्रीला तितक्या सहजपणे उघडली असती काय, हा प्रश्न 'निवेदन' वाचताना बाजूला ठेवता येत नाही.

दुसरा धोका आजच्या पर्यटनाचा आहे. लाओसमधील लुआंग प्रबांग हे शहर १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तेथे पहाटे भिक्षू रांगेने भिक्षेला निघतात आणि स्त्रिया गुडघ्यांवर बसून त्यांच्या पात्रात भात घालतात. हा विधी पाहण्यासाठी आता कॅमेरे घेतलेल्या पर्यटकांची गर्दी होते; अंतर ठेवावे, शांतता राखावी, अशा सूचना त्यांना द्याव्या लागतात. दान हे प्रेक्षणीय झाले की देणारा व घेणारा यांचे नाते तुटते आणि केवळ दृश्य उरते. अशा ठिकाणी गेलेल्या मराठी लेखकाने स्वतःच्या जागेचा विचार केला आहे काय, ही कसोटी समीक्षकाने लावली पाहिजे.

८. सिद्धेश्वर परिसरातून वाचताना

हे विवेचन हिंगोली जिल्ह्यातील, औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर परिसराच्या संदर्भात पाहिल्यास त्याची निकड स्पष्ट होते. पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखल्या जाणाऱ्या या भागातील लोकांचा प्रवास मुख्यतः यात्रेचा असतो. औंढ्याचे नागनाथ मंदिर, संत नामदेवांची नर्सी, पंढरीची वारी आणि बौद्ध कुटुंबांसाठी नागपूरची दीक्षाभूमी, बोधगया अशी त्यांची स्थळे आहेत. या प्रवासात शिदोरी असते, दिंडीतील पंगत असते, वाटेवरच्या गावाने घातलेले जेवण असते. 'हॉटेलात जेवणे' हा येथील प्रवासाचा मुख्य अनुभव नाही. कोणी जेवू घातले, हे येथे वर्षानुवर्षे लक्षात ठेवले जाते. कोणी पंक्तीतून उठवले, हेही लक्षात ठेवले जाते.

अशा घरांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी जेव्हा अभ्यासक्रमातील प्रवासवर्णन वाचतो, तेव्हा परदेशातील वरणभाताच्या आठवणीवर त्याने हसावे, अशी अपेक्षा असते. त्याला हसू आले नाही, तर दोष त्याच्या रसिकतेचा मानला जातो. वास्तविक त्याच्याजवळ अन्नाविषयीचे अधिक खोल ज्ञान असते. त्या ज्ञानाला वर्गात स्थान द्यावयाचे असेल, तर पाठ्यपुस्तकांत विनोदी प्रवासलेखांच्या शेजारी 'निवेदना'तील एखादा भाग ठेवणे उचित ठरेल. दोन्ही उताऱ्यांना वर उल्लेखिलेले तीन प्रश्न विचारले, तर विद्यार्थी प्रवासवर्णनाच्या समीक्षेपर्यंत स्वतःच्या अनुभवाच्या वाटेने पोहोचेल.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) बौद्ध विहार ही वास्तू आरंभापासून भोजनाच्या तरतुदीसह उभी राहिली. नाशिकचे दानलेख आणि वेरूळ-कान्हेरी येथील मंडप याची साक्ष देतात. त्यामुळे विहाराचे वर्णन करताना अन्नव्यवहार वगळणे हे वर्णनाचे अपुरेपण ठरते.

२) इत्सिंग आणि दोगेन यांच्यासारख्या प्रवासी भिक्षूंनी भोजनाकडे धर्माचरण म्हणून पाहिले. आधुनिक मराठी प्रवासवर्णनाने मात्र स्थळाला गांभीर्य आणि अन्नाला विनोद अशी वाटणी केली.

३) 'निवेदन' हे या वाटणीपूर्वीचे आणि तिला छेद देणारे लेखन आहे. अन्नछत्रापासून भिक्षापात्रापर्यंतचा त्यातील प्रवास हा जातीच्या पंगतीतून बाहेर पडण्याचाही प्रवास आहे. त्यामुळे आत्मचरित्राबरोबरच प्रवासवर्णन म्हणूनही त्याचा अभ्यास व्हावयास हवा.

४) १९५६ नंतरच्या मराठी बौद्ध प्रवाशांचे विखुरलेले लेखन संकलित होणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन ग्रंथालये आणि मराठी विभाग आपापल्या परिसरातील स्मरणिका व पुस्तिका जतन करून हे काम सुरू करू शकतात.

५) दलित आत्मकथनांच्या समीक्षेने अन्नाच्या वाचनाची जी दृष्टी दिली, ती प्रवासवर्णनालाही लागू करता येते. 'काय खाल्ले' याऐवजी 'कोणाच्या हातचे खाल्ले' हा प्रश्न विचारला, की मराठी प्रवासी आशियात नेमका कोठवर पोहोचला, हे समजू शकते.